विलॅमेट खोऱ्यातील काळी फळे

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅलिफोर्नियाच्या उत्तरेस ऑरेगन हे राज्य आहे. त्याच्या पश्चिम भागात एका बाजूस किनाऱ्याची डोंगररांग आणि दुसऱ्या बाजूस कॅस्केडची हिमाच्छादित शिखरे यांच्यामध्ये एक लांबट, सपाट खोरे पसरले आहे. पोर्टलंडपासून दक्षिणेस युजीनपर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचे हे विलॅमेट नदीचे खोरे. हिमयुगाच्या अखेरीस आलेल्या प्रचंड पुरांनी येथे गाळाचे थर आणून टाकले, आणि त्या गाळावर आज फळबागा, द्राक्षमळे व गवतबियाण्यांची शेते डोलत आहेत. पाऊस पडतो तो ऑक्टोबरपासून मेपर्यंत, तोही संथ आणि झिमझिम. आपल्याकडे आषाढ-श्रावणाच्या सरी कोसळत असतात तेव्हा या खोऱ्यात स्वच्छ, कोरडे ऊन असते. रात्री मात्र गार. फळ पिकण्याच्या दिवसांत पाऊस नाही आणि कडक उष्माही फारसा नाही, असा हा ऋतुक्रम ब्लॅकबेरीला विशेष मानवतो.

लेक-जावई पोर्टलंडजवळ स्थायिक झाल्यामुळे या खोऱ्यात काही उन्हाळे घालवण्याचा योग मला आला. तासगाव भागातील द्राक्षबागायतदारांच्या घरात सारे आयुष्य गेल्याने प्रवासात माझी नजर प्रथम जाते ती बागांकडे. येथे मात्र बागेआधी दृष्टीस पडते ते रान. रस्त्याच्या कडेला, रेल्वेमार्गालगत, ओढ्यांच्या काठी, पडक्या गोठ्यांच्या अंगावर, जेथे म्हणून माणसाचा हात काही काळ फिरलेला नाही तेथे काटेरी वेलांच्या पुरुष-दीड पुरुष उंचीच्या जाळ्या माजलेल्या असतात. जूनमध्ये त्यांवर पांढरी-गुलाबी फुले येतात, मधमाश्यांची झुंबड उडते. ऑगस्टमध्ये त्याच जाळ्या काळ्याभोर फळांनी लगडतात. संध्याकाळी आजी-आजोबा नातवंडांना घेऊन, हातात डबे घेऊन फळे वेचताना दिसतात. कोणाची मालकी नाही, कोणाची मनाई नाही.

नाव हिमालयाचे, मूळ आर्मेनियाचे

या रानटी वेलाचे तेथील प्रचलित नाव ऐकून भारतीय माणूस चकित होतो. त्याला ‘हिमालयन ब्लॅकबेरी’ म्हणतात. आपल्या गिरिराजाचे नाव सातासमुद्रापलीकडच्या काट्यांना कसे मिळाले, याची हकिकत ऐकण्याजोगी आहे.

ल्यूथर बरबँक हे कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथील विख्यात वनस्पतिसंकरकार. परमहंस योगानंदांनी आपले प्रसिद्ध आत्मचरित्र ज्यांच्या स्मृतीस अर्पण केले ते हेच बरबँक. भारतातून आलेल्या बियांतून त्यांना ब्लॅकबेरीचा एक जोमदार वेल मिळाला. फळ मोठे, रस भरपूर, वाढ विलक्षण. बरबँकांनी १८८५ साली ‘हिमालया जायंट’ या नावाने तो बाजारात आणला. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा हा वेल मूळचा आर्मेनिया व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील असल्याचे आढळले. त्याचे शास्त्रीय नाव आता ‘रुबस आर्मेनियाकस’ असे आहे. परंतु लोकांच्या तोंडी हिमालयच राहिला. खऱ्या हिमालयात याच रुबस कुळातले, पण पिवळ्या फळांचे झुडूप आहे. कुमाऊँ-गढवालमध्ये त्याला ‘हिसालू’ म्हणतात. आपल्या महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या सोबतीने विकली जाणारी रास्पबेरी हीही त्याच कुळातली.

बरबँकांनी बागेसाठी दिलेला वेल बागेत राहिला नाही. पक्ष्यांनी फळे खाऊन बिया दूरवर टाकल्या. शिवाय या वेलाची एक खोड अशी की लांब फांदी वाकून तिचे टोक जमिनीला टेकले की तेथेच मुळे फुटतात व नवा वेल उभा राहतो. एका फांदीची लांबी वीस फुटांच्याही पुढे जाते. अशा रीतीने काही वर्षांत एक वेल सबंध ओढाकाठ व्यापतो. त्याच्या दाट सावलीत झाडांची रोपे रुजत नाहीत आणि गवत, रानफुले गुदमरतात. ऑरेगन राज्याने या वेलाची नोंद उपद्रवी तणांत केली आहे.

या खोऱ्याची स्वतःची ब्लॅकबेरी निराळीच आहे. ती जमिनीलगत सरपटते, तिचे काटे बारीक आणि फळ लहान, पण सुगंध असा की चाखणारा विसरत नाही. तिच्यात नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फळ फक्त मादी वेलाला येते. गोरे लोक येण्यापूर्वी या किनाऱ्यावरील मूळ रहिवासी ही फळे ताजी खात, वाळवून हिवाळ्यासाठी ठेवीत आणि पानांचा काढा करीत. आज ती शोधावी लागते, ती डोंगरउतारावर, जंगलाच्या मोकळ्या कडांना.

बागेतील ब्लॅकबेरी

सेलम शहराच्या आसपास मॅरियन परगणा आहे. याच परगण्याच्या नावावरून येथील सर्वांत लाडक्या ब्लॅकबेरीला ‘मॅरियनबेरी’ हे नाव पडले. कॉर्व्हॅलिस येथे अमेरिकेच्या कृषिखात्याचे संशोधक जॉर्ज वॉल्डो यांनी १९४५ साली ‘चेहेलेम’ आणि ‘ओलाली’ या दोन जातींचा संकर केला. त्यातील एक रोप १९४८ मध्ये निवडले गेले, मॅरियन परगण्यात त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९५६ साली ते शेतकऱ्यांच्या हाती आले.

ही बाग पाहताना मला आपल्या द्राक्षबागेची पदोपदी आठवण होत होती. सरळ रांगा, खांब, दोन ताणलेल्या तारा, ठिबकच्या नळ्या. रांगांत सुमारे दहा फुटांचे अंतर. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतो आणि त्याच काडीवर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड घेतो. ब्लॅकबेरीचेही काहीसे तसेच, फक्त तिची चाल संथ. मुळांचा गड्डा वर्षानुवर्षे जगतो. पण त्यातून फुटणारी काडी दोनच वर्षांची असते. पहिल्या उन्हाळ्यात ती नुसती वाढते. हिवाळाभर विसावते. दुसऱ्या उन्हाळ्यात फुलते, फळते आणि मरून जाते. त्यामुळे बागेत एकाच वेळी दोन पिढ्या नांदत असतात. तारेवर फळांनी लवलेली जुनी काडी आणि तिच्या पायथ्याशी पुढच्या वर्षाची कोवळी काडी. तोडणी संपली की जुन्या काड्या कापून काढतात, नव्या काड्यांची जुडी करून तारांवरून वळसे देत बांधतात. काही बागायतदार एका वर्षी फळ व एका वर्षी केवळ काडी, असेही चक्र ठेवतात. त्याने मजुरी वाचते.

फळ खुडताना एक गोष्ट ध्यानात येते. रास्पबेरी तोडली की तिचा आतला दांडा झाडावर राहतो आणि फळ टोपीसारखे पोकळ निघते. ब्लॅकबेरीचा दांडा फळाबरोबरच येतो. दिसायला एक असले तरी ते फळ म्हणजे अनेक इवल्या फळांचा झुबका आहे. प्रत्येक मण्याला स्वतःची साल, स्वतःचा गर आणि आत एक बी असते. काळे दिसले म्हणजे पिकले असेही नाही. चकाकी किंचित मंदावली आणि हात लावताच फळ सुटून आले, तरच ते गोड.

मोठ्या बागांत तोडणी यंत्राने होते आणि ती पुष्कळदा रात्री, हवा गार असताना चालते. रांगेच्या दोन्ही बाजूंनी जाणारे उंच यंत्र आपल्या काठ्यांनी वेलाला नुसते हलवते. पिकलेले फळ तेवढे खाली पसरलेल्या पट्ट्यांवर गळते, कच्चे वेलावरच राहते. तीन-चार दिवसांनी यंत्र पुन्हा फिरते. यातील अडचण काट्यांची. मॅरियनबेरीचे काटे मोडून कधी फळांत मिसळतात. त्यासाठी बिनकाट्यांच्या जाती काढण्यात आल्या. ‘ब्लॅक डायमंड’ ही २००५ मधील तशीच एक जात. मॅरियनबेरी फार मऊ असल्याने दूरचा प्रवास तिला सोसत नाही. बहुतेक माल लगेच गोठवला जातो. ताजे फळ खायचे तर त्या खोऱ्यातच जावे लागते.

मॅरियनबेरीची वंशावळ पाहिली तर आणखी एक गंमत कळते. तिच्या मातापित्यांपैकी ‘चेहेलेम’ ही जात ज्या दोन जातींच्या संकरातून झाली, त्यांतील एक स्थानिक सरपटणाऱ्या ब्लॅकबेरीच्या वंशातील आणि दुसरी चक्क बरबँकांची ‘हिमालया’. म्हणजे ज्या वेलाला ओढ्याकाठी तण म्हणून उपटतात, त्याचेच रक्त या राज्याच्या लाडक्या फळात आहे. एकाच कुळातील एक शाखा मोकाट सुटली, दुसरीला कोणीतरी वर्षानुवर्षे निवडले, वळण दिले, तारेवर बांधले. आपण ‘संस्कार’ हा शब्द माणसांपुरता वापरतो. बागायतदाराला तो वेलांच्या बाबतीतही ठाऊक असतो.

पाय, मुरंबा आणि आपले नियम

ऑरेगनच्या विधिमंडळाने २०१७ साली मॅरियनबेरी पायला राज्याचा अधिकृत पाय ठरवले. पाय म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पारीत साखर घातलेली फळे भरून भाजलेला गोड पदार्थ. आपल्या वाचकांनी मात्र बाहेर तो घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. जुन्या रीतीच्या पारीत डुकराची चरबी घालतात आणि वरून चमक येण्यासाठी अंड्याचा हात फिरवतात. घरी लोणी किंवा तूप घालून, वर दूध लावून तो तितकाच सुरेख होतो. तसेच जेली म्हणून मिळणाऱ्या तयार भुकटीत बहुधा जिलेटिन असते, ते प्राणिज. मुरंबा घट्ट होतो तो फळातल्याच पेक्टिनमुळे. त्याला बाहेरचे काही लागत नाही.

आमच्या घरी केलेल्या मुरंब्याचे प्रमाण असे. एक किलो फळ, पाऊण किलो साखर, दोन मोठे चमचे लिंबाचा रस. फळांतली आठवा हिस्सा फळे थोडी लालसर, अर्धकच्ची घ्यावीत, कारण पेक्टिन त्यांत अधिक असते. फळ मंद आचेवर मऊ करावे. बिया नको असतील तर चाळणीतून गाळावे. मग साखर व लिंबू घालून मोठ्या आचेवर सतत ढवळत आटवावे. गार बशीवर थेंब टाकून बोटाने सरकवला असता सुरकुती पडली की झाले. दिवस मावळण्यापूर्वी फुलक्याबरोबर हा मुरंबा खाताना नातवंडे आनंदी आणि आजीही.

आता नियमांविषयी. बावीस अभक्ष्यांत बहुबीज फळांचा उल्लेख आहे. ब्लॅकबेरीत बिया अनेक, परंतु प्रत्येक मण्यात एकच. तिला कोणत्या वर्गात घालावे हे ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना विचारून ठरवावे. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी बाब. वड, पिंपळ, उंबर इत्यादी पाच उदुंबर फळांचा त्याग आपल्याकडे सांगितला आहे, तो त्यांच्या आत त्रस जीव असतात म्हणून. ब्लॅकबेरीचे नाव त्या यादीत नाही. पण ते कारण तिलाही काही दिवसांत लागू होते. ठिपकेदार पंखांची एक परदेशी फळमाशी २००९ मध्ये ऑरेगनमध्ये प्रथम आढळली. इतर फळमाश्या सडलेल्या फळावर जातात. ही माशी पिकत असलेल्या निरोगी फळाला सूक्ष्म छिद्र पाडून आत अंडी घालते. जुलैतील पहिल्या बहरात तिचा उपद्रव कमी असतो. ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात, विशेषतः रानातल्या फळांत, तो फार वाढतो. बाहेरून फळ धडधाकट दिसते, आत अळी असते. म्हणून नियम पाळणाऱ्याने लवकरच्या बहराची फळे घ्यावीत, दोन भाग करून पाहावीत आणि उशिराची रानफळे सोडून द्यावीत.

योगायोग असा की इंग्लंडमध्ये फार जुन्या काळापासून एक लोकसमजूत आहे. २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणानंतर ब्लॅकबेरी खाऊ नये, कारण त्या दिवशी सैतान त्या वेलावर थुंकतो. सैतानाची गोष्ट बाजूस ठेवली तरी शरद ऋतूतील ओलीत ही फळे बेचव होतात, त्यांवर बुरशी धरते, हे खरेच आहे. चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य करणाऱ्या आपल्या आजीला हा नियम समजावून सांगावा लागला नसता.

पान, मूळ आणि काढा

ब्लॅकबेरीचा औषधी उपयोग युरोपात प्राचीन आहे. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने तिची नोंद केली आहे. पाने आणि मुळांची साल यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. जुलाब झाले की मुळांच्या सालीचा काढा, तोंड आले किंवा हिरड्या सुजल्या की पानांच्या काढ्याच्या गुळण्या, असा उपयोग युरोपातील खेडुतांनी केला आणि वसाहतींबरोबर तो अमेरिकेतही गेला. आपल्याकडे डाळिंबाची साल किंवा जांभळाची साल ज्या गुणासाठी वापरतात तोच हा गुण. खोकल्यावर फळांचा रस, साखर व मसाले घालून केलेले सरबत देत. काही उपाय मात्र निव्वळ श्रद्धेचे होते. ज्या फांदीची दोन्ही टोके जमिनीत रुजून कमान झाली आहे, तिच्याखालून डांग्या खोकल्याच्या मुलाला काढले की खोकला जातो, असे इंग्लंडमधील खेड्यांत मानीत.

आज या काढ्यांकडे घरगुती साहाय्यक म्हणूनच पाहावे. तुरट पाण्याने गुळण्या करून आराम वाटतो. पण लहान मुलाच्या जुलाबात पहिला उपाय मीठ-साखरेच्या पाण्याचा आणि नंतर डॉक्टरांचा. खरा लाभ फळ म्हणून खाण्यातच आहे. शंभर ग्रॅम ब्लॅकबेरीत उष्मांक सुमारे ४३, तंतू पाच ग्रॅम आणि क जीवनसत्त्व सुमारे २१ मिलिग्रॅम असते. वेचताना एक दक्षता आवश्यक आहे. रस्त्याकडेच्या जाळ्यांवर तणनाशक फवारलेले असू शकते, म्हणून तेथील फळ किंवा पान घेऊ नये.

मुळांच्या औषधाचा विचार करताना जैन मन थबकते. पान किंवा फळ घेतले तरी वेल जगतो. मूळ खणले की तो संपतो. मंदिरांच्या भिंतींवर लेश्यावृक्षाचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. भुकेलेले सहा वाटसरू फळांनी लगडलेल्या जांभळाखाली येतात. एक म्हणतो, झाड मुळासकट उपटू. दुसरा म्हणतो, बुंधा तोडू. तिसरा मोठी फांदी, चौथा डहाळी, पाचवा नुसती फळे, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली पुरेत. भूक सर्वांची सारखी. कृष्ण ते शुक्ल हा फरक परिणामांचा आहे. यंत्राच्या हेलकाव्याने आपोआप गळणारी फळे पाहताना मला ते चित्र अपरिहार्यपणे आठवले.

पण त्याच खोऱ्यात एक अवघड प्रश्नही समोर येतो. हिवाळ्यात अनेक ठिकाणी स्वयंसेवक ओढ्याकाठी जमतात, ‘हिमालयन’चे वेल कापतात आणि त्यांचे गड्डे खणून काढतात. काही जमीनमालक त्यासाठी शेळ्यांचे कळप भाड्याने आणतात. शेळ्या काट्यांसकट वेल फस्त करतात. बाहेरून पाहिले तर हे पहिल्या वाटसरूचेच कृत्य. मात्र उपटणाऱ्याला फळ नको असते. मोकळ्या झालेल्या जागी तो वाळुंज जातीची झाडे, सीडार आणि इतर स्थानिक झुडपे लावतो, म्हणजे ओढ्यावर पुन्हा सावली येईल. पक्ष्यांची घरटी जाळ्यांत असतात म्हणून वसंतात हे काम टाळण्याची रीत आहे. तरीही मुळाशी जीव असतातच, आणि त्याच जाळ्यांच्या फुलांवर मधमाश्याही पोसतात.

लेकीच्या वसाहतीतील काही जैन कुटुंबांनी या प्रश्नावर आपापले उत्तर काढले आहे. काही जण खणण्याच्या कामाला जात नाहीत. पण नंतर रोपे लावायला व पहिले दोन उन्हाळे त्यांना पाणी घालायला न चुकता जातात. काही जण कापणीतही भाग घेतात आणि म्हणतात की गृहस्थाने शेतात जो यत्नाचार पाळायचा तोच येथे. दोघांत वाद मी ऐकला नाही. शेतकऱ्याच्या घरातली असल्याने दुसरे म्हणणे मला जवळचे वाटते. खुरपे न लावता बाग उभी राहत नाही, हे मी जन्मभर पाहिले आहे. पण पाणी घालणाऱ्यांची चिकाटीही मी पाहिली आहे, आणि लावलेले रोप जगते ते त्यांच्यामुळे.

ज्या वाचकांची मुले-नातवंडे त्या बाजूस आहेत त्यांनी जुलैच्या मध्यास जाण्याचे योजावे. खोऱ्यात अनेक बागांत स्वतः फळे तोडून वजनावर घेता येतात. सकाळी लवकर जावे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि उथळ डबे न्यावेत. खोल डब्यात खालची फळे चेंगरतात. हात लावताच सुटून येईल तेवढेच फळ घ्यावे. जे सुटत नाही ते चार दिवसांनी येणाऱ्या दुसऱ्या कोणासाठी वेलावर राहू द्यावे.